माहेरची ओळ

दवाखान्याच्या दोतोरांना पेशंटांची कार्डं नंबराप्रमाणे लावायची होती, सिस्टरना वाड्यांप्रमाणे आणि मास्तरांना आडनावांप्रमाणे. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, आणि सगळा त्रास तिथेच होता. एकाचं जरी चुकलेलं असतं, तरी तेव्हाच्या माझ्या तोऱ्यात मी ते दोन मिनिटांत खोडून काढलं असतं आणि शेवटची बस पकडून घरी गेलो असतो.

पुढे आयुष्यभर मी सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत काम केलं. काचेच्या भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं काम दाखवत, ज्यांना ज्यांना त्या कामाशी देणंघेणं आहे त्यांच्यात समेट घडवणं, यालाच माझा पगार मिळायचा. तरुण मुलं मला विचारत, तुम्ही हे कुठे शिकलात? मी एखाद्या कोर्सचं नाव सांगून मोकळा व्हायचो. खरं म्हणजे मी ते शिकलो पेडणे तालुक्यात, मोरजीच्या अलीकडच्या एका गावात, जुन्या लग्नपत्रिका कापता कापता.

गोवा राज्य होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मी डिचोलीकडचा, मयेचा. पणजीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि नोकरी नव्हती. त्या गावात एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मास्तर, माझ्या मामांचे मित्र. दवाखान्याला कोणीतरी कॉम्प्युटर देणगी द्यायचं कबूल केलं होतं. तो येईपर्यंत जुने केसपेपर नीट कार्डांवर उतरवायचे आणि कार्ड पटकन सापडेल अशी व्यवस्था लावायची, एवढं माझं काम. तीन आठवड्यांत उरकेल, असं मी मास्तरांना छातीठोकपणे सांगून टाकलं.

या कामाची एवढी घाई का, ते पहिल्याच दिवशी कळलं. महिनाभरापूर्वी नार्व्याहून एक जोडपं मोरजीला नात्यातल्या लग्नासाठी आलं होतं. किनाऱ्यावर शिंपला लागून बाईचा पाय चिरला आणि तो चिघळला. नवऱ्याने तिला दवाखान्यात आणलं, टेबलाशी नाव सांगितलं, आणि दोतोरांनी आधी रीतसर चाचणी घेऊन पेनिसिलिन दिलं. तरी पाच मिनिटांत बाई निळी पडली. दोतोर तरुण पण हुशार. त्यांनी तिला वाचवलं. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "हिका ल्हानपणी ह्याच दवाखान्यात असाच झालेला. कागदार लिवन ठेवलेला आसतला."

मग कागदाची शोधाशोध सुरू झाली. बाईचं नाव, आडनाव, सगळं धुंडाळलं, पण कागद सापडला नाही. केसपेपर सांभाळायची आया. वीस-बावीस वर्षं ती तिथे झाडलोट करायची, सुया उकळायची आणि कागद कपाटात, म्हणजे तिच्या भाषेत आर्मारात, ठेवायची. जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांनी बांधलेली गाठोडी आणि त्यांत कागद. तिला आपल्या सहीपुरतं लिहिता यायचं. तिने कागद हरवला, असं सर्वांनी धरून चाललं. मास्तरांनी तिला घरी बसवलं. सगळी कार्डं उतरवून होईपर्यंत तो कागद सापडला तर ठीक, नाही सापडला तर तिला कायमची रजा. विधवा बाई, मूलबाळ नाही. त्या दवाखान्याबाहेर तिला दुसरं काहीच नव्हतं.

मी आलो त्या दिवशी ती आपल्या किल्ल्या द्यायला आली होती. आम्ही मेजाभोवती बसलेलो आणि ती दाराशी उभी. म्हणाली, "कागद आसा, मास्तरानू. त्या चेडवाच्या बापाशीचा घर खंयचा, तां तरी इचारा."

मास्तरांच्या आधी मीच बोललो. "आता तिच्या बापाशी काय काम, आयाबाय? बाई नार्व्याची आहे, नवऱ्याने नाव दिलं आहे." माझ्यापुढे कोरा कागद होता आणि त्यावर मी 'कोणाकोणाला विचारायचं' अशी यादी लिहीत होतो. दोतोर, सिस्टर, मास्तर. तीन नावं लिहून मी खाली रेघ मारली. ती किल्ल्या मेजावर ठेवून गेली.

कार्ड कसं असावं, हे ठरल्याशिवाय ट्रस्ट छपाईला द्यायला तयार नव्हता आणि ठरणार तर काही दिसत नव्हतं. भाषेवरून आधी पेटलं. मास्तर कट्टर मराठीचे, दोतोर तितकेच कोंकणीचे. दोघेही देवनागरीच लिहिणार, पण अक्षराच्या डोक्यावर कोंकणीसारखं टिंब द्यायचं की नाही, यावर एक अख्खी दुपार गेली. सिस्टरनी जनेलातून बाहेर रस्त्याकडे बघत हळूच म्हटलं, पेशंटांतल्या निम्म्यांना वाचता येत नाही. त्यांचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. त्यांना घरोघर डोस द्यायला फिरावं लागे, म्हणून कार्डं वाड्यांप्रमाणे हवी होती. दोतोरांना नंबर हवा होता, कारण पुढे कॉम्प्युटरला तोच लागणार. मास्तरांनी जन्मभर शाळेचं हजेरीपुस्तक आडनावांप्रमाणे लावलं होतं, आणि ते मोडायला ते तयार नव्हते.

मी वैतागलो. माझा स्वभावच तसा, पटकन तापणारा. तीन आठवडे कधीच उलटून गेले होते. मी म्हटलं, तुम्ही बोलत राहा, मी रोज वीस-वीस कार्डं हाताने करतो. पंधरा दिवस प्रत्येकाचं एकेक म्हणणं चालवून पाहू. शनिवारी पेशंट गेले की तुम्हीच कार्ड शोधून दाखवा. ही माझी शहाणपणाची योजना वगैरे नव्हती, निव्वळ चिडून बोललो होतो. कार्डांसाठी जाड कागद नव्हता, म्हणून दवाखान्याला आलेल्या लग्नपत्रिका मागवल्या. गावातल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका दवाखान्याला यायचीच. चांगला जाड कागद, आणि पाठ कोरी.

पहिल्या शनिवारी मास्तरांची आडनावं. गावात तीनच आडनावं मुख्य, त्यामुळे एकेका आडनावाचा जाडजूड गठ्ठा. मास्तर गठ्ठा उलटसुलट करत राहिले, चष्मा तीनदा पुसला. पोदेर पाव देऊन परत गेला तरी त्यांना एका पोराचं कार्ड सापडेना. दुसऱ्या खेपेला सिस्टरचे वाडे. गावातली माणसं पटापट सापडली, पण सिंधुदुर्गातून मजुरीला आलेली, आज इथे आणि उद्या खाणीवर जाणारी कुटुंबं कोणत्या वाड्यात घालायची? सिस्टरनी ती कार्डं बाजूला काढून ठेवली. तिसऱ्यांदा दोतोरांचे नंबर. प्रत्येक पेशंटला नंबराची चिठ्ठी दिली होती. एका म्हाताऱ्याने मोठ्या विश्वासाने खिशातून जी चिठ्ठी काढून दिली, ती म्हापशाच्या बसचं तिकीट निघाली. दोतोरांनी त्यावरचा नंबरही एकदा शोधून पाहिला, आणि मग स्वतःच हसले.

या सगळ्या दिवसांत मी आर्मारातली गाठोडी एकेक करून सोडत होतो आणि कागद उतरवत होतो. ज्यांना औषध बाधलं आहे त्यांच्या कार्डावर लाल शाईची जाड रेघ, एवढ्या एका गोष्टीवर तिघांचं एकमत होतं. नार्व्याच्या बाईचं नाव मला पाठ झालं होतं. प्रत्येक गाठोडं सोडताना मी ते शोधायचो. सापडलं नाही की मनातल्या मनात आयाबाईवर आणखी थोडा चिडायचो. पंधरवड्याने एकदा ती रस्त्यात भेटायची, विचारायची काही नाही, नुसती बघायची. मी मान दुसरीकडे वळवायचो. शेवटची दोन गाठोडी राहिली होती आणि मास्तरांनी तिच्या जागी दुसरी बाई बघायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या शनिवारचं सगळं आटोपल्यावर सिस्टर कार्डं गोळा करत होत्या. एक कार्ड त्यांच्या हातात उलटं आलं. मागच्या बाजूला पत्रिकेतला छापील मजकूर, नवरीचं नाव. त्या वाचून हसल्या आणि म्हणाल्या, "ही पोर आता खालच्या वाड्यातली सून. मुलाला डोसाला घेऊन येते माझ्याकडे. पण हे नाव नव्हे तिचं आता."

मी म्हटलं, "मग कुठलं?" आणि म्हणता म्हणता ते कार्ड त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, आमच्याकडे नावही बदलतं. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यावर अंगठीने नवं नाव लिहितो आणि त्या घटकेपासून पोर त्या नावाची होते. दोतोरांचं लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने तांदळांत बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. मास्तरांकडे तर अर्धा गाव सुनेसाठी नाव विचारायला यायचा. माझ्या आईला मामाकडे वेगळ्याच नावाने हाक मारत आणि लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. हे आम्हा चौघांनाही पक्कं ठाऊक होतं, आणि दोन-अडीच महिने आम्ही चौघेही एका लहान मुलीचा कागद तिच्या नवऱ्याने दिलेल्या नावाने शोधत होतो. मग दोतोर एवढंच म्हणाले, "तिचं माहेरचं नाव कोणाला माहीत आहे?"

कोणालाच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरून मयेला गेलो, घरी पिशवी टाकली आणि सायकल काढून तळ्याच्या कडेने नार्व्याला. घर शोधायला वेळ लागला नाही, "दवाखान्यात निळी पडलेली" एवढं सांगितलं की पुरे. बाई अंगणात सुपारी वाळत घालत होती. पायाची जखम भरून आली होती. सासू बाहेर आली. मी विचारलं तेव्हा सासूनेच उत्तर दिलं, "तिचें कुळारचें नांव कित्याक जाय तुका?" तिच्या तोंडचं कुळार म्हणजे माहेरच. मी दवाखान्याची सगळी हकीकत सांगितली. कोणाची तरी नोकरी त्यावर अवलंबून आहे, तेही सांगितलं. सासूने सुनेकडे बघून मान हलवली. बाईने आधी सुपारीचा हात पदराला पुसला. मग नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आणि सहा-सात वर्षांची असताना बाप सावंतवाडीकडून पेडण्याला काजूच्या बागेत मजुरीला आला होता, पुढे खाणीवर गेला, तेही सांगितलं. सांगताना तिचा आवाज जरा वेगळा झाला. इतक्या वर्षांत ते नाव तिने मोठ्याने उच्चारलं नसावं.

परतीच्या बसमध्ये मी ते नाव मनात घोळवत होतो, कारण ते मला ओळखीचं वाटत होतं.

सोमवारी मी दवाखान्यात जाऊन कार्डांची पेटी उघडली. कार्ड लगेच सापडलं. वय सहा, काजूची बाग, पेनिसिलिन बाधतं, पुन्हा देऊ नये. आणि त्यावर लाल शाईची जाड रेघ. अक्षर माझं होतं. दीड महिन्यापूर्वी मीच तो कागद आयाबाईच्या गाठोड्यातून काढला होता, नीट उतरवला होता, रेघ मारली होती आणि पुढचा कागद हातात घेतला होता. कागद कधी हरवलाच नव्हता. त्या दिवशी माझ्या अंगातला सगळा तोरा एकदम उतरला, आणि त्याच वेळी अगदी हलकं वाटलं. ती बाई वाचली होतीच. आता दुसरीही वाचली होती.

मास्तरांनी कार्ड दोनदा वाचलं, छत्री घेतली आणि म्हणाले, "चल." आयाबाय पडवीत चिंचा फोडत बसली होती. मास्तर मानी माणूस, माफी मागायची सवय त्यांना नव्हती. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "कागद सापडला. होता तिथेच होता. उद्यापासून ये."

तिने हातातली चिंच पुरी सोलली. मग म्हणाली, "मियां सांगलेला मां, कागद आसा म्हणान."

"तू गाठोडी कशी लावायचीस?" मी विचारलं. एवढ्या दिवसांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होतो.

"पोर पयल्यांदा जेच्या घरातसून ईला, तेच्या गाठोड्यात तेचो कागद. मगे तां खंय का जाईना, तेका नाव काय का पडाना." आणि मास्तरांकडे वळून, "गाठोडी सगळी सोडल्यात तुमी. आता तीं बांधतलो कोण?"

मास्तर हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मी म्हटलं, "आयाबाय, मी चुकलो. पहिल्याच दिवशी तुझं ऐकायला हवं होतं." तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "जेवलंस काय?" मी नाही म्हटलं. तिने मला आत नेऊन उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी वाढली, आणि त्या विषयावर पुढे कधीही बोलली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मेजाला पाचवं कदेल लावलं. आयाबाय त्यावर अगदी कडेला टेकून बसली, कधीही उठावं लागेल अशा बेताने. आणि गंमत म्हणजे महिनोन्‌महिने न सुटलेलं भांडण त्या एका संध्याकाळी सुटलं. आपण सगळ्यांनीच एकच चूक केली, हे कळल्यावर कोणालाच आपलं म्हणणं ताणून धरावंसं वाटेना. कार्डं दोतोरांच्या नंबराप्रमाणे लावायची. आयाबाईने सुचवलं तसं कार्डाच्या कोपऱ्याला वाड्याच्या रंगाचा दोरा ओवायचा, म्हणजे सिस्टरना हवी ती कार्डं पटकन निवडता येतील, आणि मजुरांच्या कुटुंबांना पांढरा दोरा. मास्तरांसाठी आडनावांची एक वही वेगळी, त्यांच्या सुंदर अक्षरात, आणि एकेका बाईची त्यात दोन-दोन आडनावं. कार्डावर सगळ्यात वर एक नवी ओळ आली. तिला नाव काय द्यायचं, यावर मास्तर म्हणाले 'माहेर' आणि दोतोर म्हणाले 'कुळार', आणि मला वाटलं, झालं, पुन्हा पहिल्यापासून. पण दोतोर म्हणाले, दोन्ही छापू, ओळ लांब आहे. मास्तरांनी मान डोलावली. म्हापशाच्या छापखान्यातून कार्डं आली तेव्हा त्या ओळीवर दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते.

कॉम्प्युटर शेवटी आला नाही. देणगीदाराचं मन बदललं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यातल्या माणसांची कार्डं केली. दोतोर, सिस्टर, मास्तर. मग आयाबाईला हाक मारली. आर्मार पुसत होती, तशीच फडकं हातात घेऊन आली. मी पेन टेकवलं आणि मला कळलं की एवढे दिवस तिच्याबरोबर काढूनही मला तिचं नाव माहीत नव्हतं. पगारपत्रकावर बघितलं तर तिथेही 'आया' एवढंच. मी नाव विचारलं. तिने नवऱ्याचं आडनाव लावून आपलं नाव सांगितलं, ते मी दुसऱ्या ओळीत लिहिलं.

"आणि वरची ओळ?" मी विचारलं.

ती बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिली. लग्न झालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती, दीड वर्षात नवरा गेला, आणि त्यानंतर माहेरचं कोणी उरलंच नव्हतं, हे मला नंतर सिस्टरनी सांगितलं. मग तिने नाव सांगितलं. अगदी छोटं, दोन अक्षरी, घरातल्या लाडक्या पोरीला ठेवतात तसं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "वाचून दाखय बघू." मी वाचून दाखवलं. "परत," ती म्हणाली. मी परत वाचलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. कार्डावर ते लिहिलेलं आहे, पहिल्या ओळीत.